रांगेतला क्रमांक : वैमानिकांच्या सेवाज्येष्ठतेवर तुटून पडण्यापूर्वी

वैमानिकांचा संप झाला किंवा दोन विमान कंपन्या एकत्र आल्या, की समाजमाध्यमांवर एक वाक्य हमखास उमटते : ‘ज्येष्ठता नको, गुणवत्ता हवी.’ ऐकायला ते इतके निर्दोष आहे, की त्याला हरकत घेणारा आपसूकच आळशांचा वकील ठरतो. आजच्या धाग्यापुरते ते वकीलपत्र मी घेते आहे. अशील निष्पाप आहे असा माझा दावा नाही. त्याच्यावर लावलेले कलम चुकीचे आहे, एवढाच आहे.

आधी ही यादी म्हणजे नेमके काय, ते पाहू.

अमेरिकेतील मोठ्या विमान कंपनीत वैमानिक रुजू झाला, की त्याला एक क्रमांक मिळतो. वय, पूर्वीचे उड्डाणतास, हवाई दलातील पदके यांपैकी कशालाही त्यात स्थान नाही. त्या कंपनीत रुजू होण्याची तारीख तेवढी मोजली जाते. पुढची तीस वर्षे हा क्रमांक त्याचे आयुष्य आखतो. कोणते विमान चालवायचे, डाव्या खुर्चीत बसायचे की उजव्या, कोणत्या शहरातून कामाला निघायचे, महिन्याची कोणती उड्डाणे घ्यायची, नाताळात घरी असायचे की विमानतळालगतच्या हॉटेलात : प्रत्येक वेळी वरच्या क्रमांकाची निवड आधी होते आणि उरलेसुरले खाली येते. मंदीत कपात होते तीही याच यादीने. फक्त ती तळापासून सुरू होते.

येथेच पहिला गैरसमज दूर करायला हवा. हा क्रमांक कोणालाही कॅप्टन करत नाही. तो फक्त पाळी देतो. पाळी आली की प्रशिक्षण, सिम्युलेटरमधील परीक्षा, मग प्रत्यक्ष उड्डाणांत परीक्षकाच्या नजरेखालची चाचणी. त्यात अनुत्तीर्ण झाल्यास यादीतील तुमचे स्थान कितीही वरचे असो, डावी खुर्ची मिळत नाही. कॅप्टन झाल्यावरही ठरावीक मुदतीने या परीक्षा सुटत नाहीत. गुणवत्तेची चाळणी जागेवरच आहे. चाळणीपुढे रांग कशी लावायची, एवढेच यादी ठरवते. गंमत अशी, की चांगली उड्डाणे आणि घराजवळचा तळ मिळावा म्हणून काही जण वरचा क्रमांक असूनही वर्षानुवर्षे सहवैमानिकच राहतात. त्यामुळे एकाच कॉकपिटमध्ये उजव्या खुर्चीतला माणूस यादीत डाव्या खुर्चीतल्यापेक्षा ज्येष्ठ असू शकतो.

मग ही रांग हवी कोणाला होती?

१९१८ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने विमानाने पत्रे न्यायला सुरुवात केली. उघडे कॉकपिट, अपुरी उपकरणे, हवामानाचा अंदाज बहुधा डोळ्यांनीच घ्यायचा. पुढच्या नऊ-दहा वर्षांत तीसहून अधिक टपाल वैमानिक मृत्युमुखी पडले. खात्याचे वरिष्ठ अधिकारी ओटो प्रेगर यांना वेळापत्रक पाळलेले हवे होते. जुलै १९१९ मध्ये न्यूयॉर्कजवळ दाट धुके असताना वैमानिकांनी उड्डाण नाकारले. नकार देणाऱ्यांना बडतर्फ केले गेले आणि उरलेल्या वैमानिकांनी काम बंद ठेवले. अमेरिकेतील वैमानिकांचा हा पहिला संप. पगार वाढवा, ही त्यामागची मागणी नव्हती. धुक्यात जायचे की नाही हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न होता.

हा प्रसंग लक्षात ठेवा, कारण ज्येष्ठता यादीचा खरा अर्थ त्यात आहे. वैमानिकाची बढती, तळ आणि रजा मालकाच्या मर्जीवर असतील, तर धुक्यात ‘नाही’ म्हणण्याची किंमत मालक ठरवतो. बडतर्फ करण्याचीही गरज नाही. पुढची पाच वर्षे बढतीच्या वेळी नाव विसरले, की पुरे. हे सारे रांगेवर असेल, तर नकार देऊन परतलेल्या माणसाचा क्रमांक दुसऱ्या दिवशीही तोच असतो.

१९३१ मध्ये डेव्हिड बेंके यांच्या पुढाकाराने एअर लाइन पायलट्स असोसिएशन, म्हणजे ‘अल्पा’, उभी राहिली. पुढच्याच वर्षी उद्योगपती ई. एल. कॉर्ड यांनी आपल्या सेंच्युरी एअर लाइन्समधील वैमानिकांवर मोठी वेतनकपात लादली, आणि ती न मानणाऱ्यांच्या जागी नवे वैमानिक आणले. मंदीचा काळ होता. उडता येणारे बेरोजगार तरुण मुबलक होते. प्रत्येक वैमानिकाची जागा घ्यायला दुसरा उभा असताना कोणाच्या गुणवत्तेचा भाव टिकणार? १९३४ मध्ये राष्ट्रीय कामगार मंडळाच्या ‘निर्णय क्रमांक ८३’ने वेतनाचे सूत्र आणि महिन्याला ८५ तासांची मर्यादा घालून दिली. १९३६ मध्ये रेल्वे कामगार कायदा विमान कंपन्यांनाही लागू झाला. रेल्वेच्या इंजिनचालकांत ज्येष्ठतेची यादी आधीपासून रुळलेली होती. ती कायद्यापाठोपाठ विमानांत आली आणि पुढे करारांतून पक्की झाली.

थोडे विषयांतर. इतिहासाच्या वाचकांना हा वाद नवा वाटू नये.

१८५७ च्या चर्चेत बंगाल आर्मीचे म्हातारे सुभेदार नेहमी येतात. तिथे देशी शिपायांची बढती काटेकोर ज्येष्ठतेने होई. सुभेदारी हाती येईपर्यंत केस पिकलेले असत. मुंबई लष्करात निवडीला अधिक वाव होता, आणि त्याच लष्करातील जॉन जेकब हे बंगालच्या पद्धतीवर १८५७ च्या आधीपासून टीका करत होते. यावरून ‘ज्येष्ठतेने लष्कर बुडाले, गुणवत्तेने तरले’ असा सोपा निष्कर्ष काढला जातो. पण जुलै १८५७ च्या अखेरीस कोल्हापुरात उठली ती २७ वी पलटण मुंबई लष्कराचीच होती. दुसरी बाजूही पाहा. ब्रिटनच्या शाही सैन्यात १८७१ पर्यंत पायदळ आणि घोडदळातील अधिकारपदे पैसे मोजून विकत घेता येत. कंपनीच्या सैन्यात तशी खरेदी नव्हती. तिथे अधिकाऱ्यांची बढती मुख्यत्वे ज्येष्ठतेने चाले. ज्याच्या खिशात दाम नाही आणि लंडनमध्ये काका नाही, अशा तरुणाला त्या रांगेनेच वर नेले. रांग मंद असते, हे खरे. पण रांग मोडली, की तिच्या जागी गुणवत्ता येईल याची खात्री काय? बहुतेक वेळा काका येतो.

रॉयल नेव्हीचे उदाहरण मला याहून मार्मिक वाटते. तिथे कॅप्टनपद निवडीने मिळे, पण एकदा त्या यादीत नाव चढले की ॲडमिरलपदापर्यंतचा प्रवास निव्वळ ज्येष्ठतेचा. हुशार पण कनिष्ठ कॅप्टनला वर आणायचे, तर त्याच्या वरच्या सगळ्यांना वर ढकलावे लागे. त्यावर १७४७ मध्ये तोडगा निघाला : नको असलेल्या ज्येष्ठांना ॲडमिरलचा दर्जा द्यायचा, पण ताफा द्यायचा नाही. नौदलात त्यांना ‘पिवळे ॲडमिरल’ म्हणत. रांगही राहिली, ताफाही सुरक्षित राहिला. ज्येष्ठता आणि पात्रता यांना वेगळे ठेवण्याची ही युक्ती तेव्हाही सुचली होती. आजच्या वैमानिकांच्या परीक्षा हे तिचेच अधिक सुसंस्कृत रूप आहे.

ज्येष्ठतेचे विरोधक मग टेनेरिफ काढतात. २७ मार्च १९७७, कॅनरी बेटे, धुक्यातील धावपट्टीवर दोन जम्बो जेटची टक्कर, ५८३ मृत्यू. केएलएमच्या कॅप्टनने परवानगी नसताना विमान दौडवले. दुसरे विमान अजून धावपट्टीवरच असल्याची शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली आणि ती झटकली गेली. ‘हाच तो ज्येष्ठतेचा बळी,’ असे लिहिलेले मी किती वेळा वाचले आहे, याची मोजदाद नाही.

पण कॅप्टन फान झांटेन कोण होते? कंपनीच्या ७४७ वैमानिकांचे मुख्य प्रशिक्षक. केएलएमच्या जाहिरातीत झळकलेला चेहरा. कंपनीने स्वतः निवडून, गौरवून, मिरवलेला सर्वोत्तम माणूस. कॉकपिटमधले इतर दोघे दबले, ते रांगेतल्या एखाद्या क्रमांकापुढे नव्हे, या प्रतिष्ठेपुढे. कॉकपिटमधील अधिकाराची उतरंड ही ज्येष्ठता यादीहून वेगळी गोष्ट आहे. गुणवत्तेच्या नावाने उभी केलेली उतरंडही तितकीच घातक ठरते. तिच्यावरचा इलाज यादी मोडून सापडला नाही. १९७९ मध्ये ‘नासा’ने घेतलेल्या कार्यशाळेतून पुढे आलेल्या प्रशिक्षणातून तो सापडला : कनिष्ठाने स्पष्ट बोलावे, कॅप्टनने ऐकावे. हे प्रशिक्षण अमलात आणण्यात पुढे होती युनायटेड एअरलाइन्स, जिथे ज्येष्ठता यादी शाबूत होती.

इथवर बचाव. आता अशिलाचे खरे गुन्हे.

पहिला : क्रमांक कंपनीच्या दारातच मरतो. १९७८ च्या कायद्याने अमेरिकेतील विमान वाहतूक सरकारी नियंत्रणातून मोकळी झाली आणि कंपन्या कोसळू लागल्या. ईस्टर्न जानेवारी १९९१ मध्ये बंद पडली, पॅन अ‍ॅम त्याच वर्षी डिसेंबरात. वीस-पंचवीस वर्षे महासागर ओलांडणारा कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला, तर तिथे यादीच्या तळाशी. उजवी खुर्ची, नवशिक्याचा पगार, मध्यरात्रीची उड्डाणे. त्याचे हात तेच, डोळे तेच, उड्डाणतास तेच. केवळ विमानाच्या शेपटीवरचे चिन्ह बदलले. मालकाच्या लहरीपासून वाचवण्यासाठी घडवलेली ढाल त्याच मालकाच्या खुंटीला बांधलेली आहे. कंपनी वाईट वागते म्हणून सोडून जाण्याची धमकी अशा माणसाने द्यायची कशी?

दुसरा गुन्हा तरुणांविरुद्धचा आहे. १९८३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्समध्ये दुहेरी वेतनश्रेणी आली : जुन्यांचे वेतन राखून नव्याने येणाऱ्यांना कमी. जे अजून रुजूच झाले नव्हते, त्यांचा त्या वाटाघाटीत आवाज नव्हता आणि यादीत क्रमांकही नव्हता. ज्येष्ठांनी कनिष्ठांना विकले, याहून सौम्य शब्द मला सुचत नाही. याच दुहेरी श्रेणीवरून १९८५ मध्ये युनायटेडमध्ये २९ दिवसांचा संप झाला. कंपनीने सुमारे ५७० नवे वैमानिक प्रशिक्षणासाठी घेतले होते, आणि संपाच्या दिवशी ते कामावर येतील अशी तिची अपेक्षा होती. त्यांच्यातील बहुतेक सगळे आले नाहीत. संप मिटल्यावर कंपनीने त्यांना दारात उभे केले नाही. प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. ज्यांना यादीने अजून काहीच दिले नव्हते, ते यादीतल्यांसाठी उभे राहिले. ज्येष्ठतेचे गोडवे गाणाऱ्या संघटनांनी हा हिशेब कधी तरी मांडावा.

तिसरा गुन्हा अधिक सूक्ष्म. रांग आतला पक्षपात रोखते, दारावरचा नाही. हवाई दलातील अनुभवी कृष्णवर्णीय वैमानिक मार्लन ग्रीन यांना काँटिनेंटलने १९५७ मध्ये नाकारले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६३ मध्ये त्यांच्या बाजूने लागला आणि प्रत्यक्ष नोकरी १९६५ मध्ये मिळाली. दार उघडल्यावरही जुना अन्याय यादीत गोठून राहू शकतो. युनायटेडमधील विमानसेविका कॅरोलिन एव्हन्स यांना लग्न केले म्हणून १९६८ मध्ये नोकरी सोडावी लागली. तो नियम पुढे गेला. १९७२ मध्ये त्या परत रुजू झाल्या, पण नवख्या म्हणून. पूर्वीची वर्षे जोडून द्या, ही त्यांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये फेटाळली. यादी तटस्थ होती, हे खरेच. तिच्यावर लिहिलेल्या तारखा तटस्थ नव्हत्या.

आणि चौथा : विलीनीकरण. दोन कंपन्या एक झाल्या, की दोन याद्या एकात गुंफाव्या लागतात. कशा? रुजू होण्याच्या तारखेने, की आपापल्या यादीतील सापेक्ष स्थानाने? २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एकत्र आल्या. पूर्वेकडची यूएस एअरवेज दिवाळखोरीत, तिचे शेकडो वैमानिक कपातीत घरी. पश्चिमेकडची कंपनी लहान, पण तिथे तरुणांनाही काम. लवाद जॉर्ज निकोलाउ यांनी २००७ मध्ये निवाडा दिला, तेव्हा कपातीत गेलेला, सतरा वर्षांपूर्वी रुजू झालेला पूर्वेचा वैमानिक काही महिन्यांपूर्वी आलेल्या पश्चिमेच्या वैमानिकाच्या खाली गेला. पूर्ववाल्यांचे संख्याबळ अधिक होते. त्यांनी २००८ मध्ये ‘अल्पा’लाच हटवून नवी संघटना आणली. त्यानंतर वर्षानुवर्षे खटले. एकाच गणवेशातील वैमानिक दोन वेगळ्या याद्यांवर उडत राहिले, आणि व्यवस्थापनाला आयतीच फूट मिळाली.

आपल्याकडचा प्रसंग याच जातीचा. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणापासून वेगळ्या असलेल्या एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक केल्या गेल्या. कागदावर. एकीकडे मोठ्या विमानांची, परदेशी मार्गांची, कमांडर होण्यास अधिक वर्षे लागणारी यादी. दुसरीकडे देशांतर्गत विमानांची, तुलनेने लवकर कमांडर करणारी. २०११ मध्ये पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक वेतनातील तफावतीवरून संपावर गेले. न्या. धर्माधिकारी समिती बसली. मे २०१२ मध्ये एअर इंडियाच्या वैमानिकांची पाळी : येऊ घातलेल्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही का? तो संप ५८ दिवस चालला, बडतर्फ्या झाल्या, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तेव्हा वृत्तवाहिन्यांनी वैमानिकांना लाडावलेले ठरवले. पाच वर्षे दोन याद्या न गुंफता विलीनीकरण झाल्याचे सांगणाऱ्यांना मात्र कोणी फारसे धारेवर धरले नाही.

‘मग भारतातील खासगी कंपन्यांसारखे करा, तिथे कॅप्टन थेट कॅप्टन म्हणूनच दुसरीकडे जातो,’ असे कोणी म्हणेल. बरोबर, इथे रांग सैल आहे, आणि वैमानिक कंपन्या बदलतात. त्यावर काय झाले? २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कमांडरची नोटीस मुदत सहा महिन्यांवरून एक वर्ष केली. रांगेची साखळी नव्हती, म्हणून नियमाची आणली गेली. गुणवत्तेच्या मुक्त बाजाराची भलामण करणाऱ्या कंपन्यांना तो बाजार वैमानिकाच्या बाजूने झुकताच नकोसा झाला.

म्हणून माझी मागणी यादी मोडण्याची नाही, तिची खुंटी सोडवण्याची आहे. उड्डाणे, रजा आणि तळ यांची निवड त्या कंपनीतील क्रमांकावर राहू द्या. तिथे आधीपासून असलेल्यावर नव्याने आलेल्याने उडी मारू नये. पण वेतनाची पायरी आणि कपातीतील संरक्षण वैमानिकाच्या एकूण सेवावर्षांवर ठरले पाहिजे, मग ती कोणत्याही कंपनीत झालेली असोत. असे राष्ट्रीय यादीचे विचार ‘अल्पा’त अनेकदा झाले आणि बारगळले, कारण भरभराटीच्या कंपनीतील ज्येष्ठाला बुडत्या कंपनीतील ज्येष्ठ आपल्या शेजारी नको असतो.

आक्षेप मला ठाऊक आहे : महाग अनुभवी माणूस सोडून कंपन्या स्वस्त नवखे घेतील. एकट्या कंपनीवर सोडले तर घेतीलच. पण १९३८ च्या अमेरिकी कायद्याने ‘निर्णय ८३’चे पालन ही विमान वाहतुकीच्या परवान्याचीच अट केली होती, म्हणजे साऱ्या उद्योगावर एक किमान पातळी लादण्याचे उदाहरण आहे. विलीनीकरणातही तसेच. टीडब्ल्यूएच्या विमानसेवकांना २००१ नंतर अमेरिकनच्या यादीत तळाशी चिकटवले गेले आणि सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतरच्या कपातीत ते सगळे बाहेर फेकले गेले. त्यानंतर २००७ अखेरीस मॅककॅस्किल-बाँड कायद्याने याद्या न्याय्य रीतीने गुंफण्याची आणि न जमल्यास लवादाकडे जाण्याची सक्ती केली. भारतात असा कायदा नाही. गेल्या काही वर्षांत इथे कंपन्या एकत्र होण्याचा वेग पाहता, वैमानिकांच्या संघटनांनी पहिली मागणी हीच करायला हवी.

उत्तरांत ‘पण गुणवत्ता?’ असे लिहिणाऱ्यांना एक विनंती : बढती कोण ठरवेल, त्याच्या निर्णयावर अपील कुठे होईल, आणि धुक्यात उड्डाण नाकारलेल्या वैमानिकाचे त्याच्या हातून काय होईल, तेही सोबत लिहावे.

पुढच्या धाग्यात १९१९ चा टपाल वैमानिकांचा संप, दिवसागणिक.